अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून? कालच्या सल्ल्याला उत्तर

भुसावळ वायरमन: काल इथे कुणीतरी लिहिलं, "बोर्डात न्यूट्रल नसेल तर स्मार्ट मॉड्यूलला (मोबाइलवरून दिवा चालवणारा, बोर्डात बसणारा छोटा स्विच) अर्थिंगची हिरवी वायर द्या, दिवा लागतो." दिवा लागतो हे खरं, म्हणून तर हे घातक. पुढे ती हिरवी वायर कुठे सुटली की मॉड्यूलमधून फेज तिच्यावर चढतो. तीच वायर फ्रिज-गीझरच्या बॉडीला आहे. बॉडीला टेस्टर लावा, पेटेल. हिरवी फक्त अर्थिंगला, काळी न्यूट्रलला. वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२ वाचा आणि मग सल्ले द्या.

धुळे ठेकेदार: उगाच घाबरवू नका. मॉड्यूल दोन-तीन मिलीॲम्पिअर खातं, दिव्याचा करंट न्यूट्रलनेच परत जातो. जुन्या घरात बोर्डात फेज उतरतो, हाफ (स्विचमधून दिव्याकडे जाणारी वायर) वर जाते, न्यूट्रल परस्पर सिलिंग रोझला (छतावर दिव्याची वायर जोडतात ती डबी). गिऱ्हाईक भिंत फोडू देतं का?

भुसावळ वायरमन: एका बोर्डाचे तीन, दहा बोर्डांचे तीस! ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) १५ च्या पुढे कधीही पडते. मग तीच बायपास करून मोकळे होतात. आणि भिंत कशाला फोडायची, भाऊ? पट्टी फिटिंग असेल तर कॅपिंग उघडा, दीड एमएमची काळी टाका. कन्सील्ड, म्हणजे भिंतीतल्या पाइपातून असेल तर जुन्या हाफला नवी हाफ आणि काळी, दोन्ही बांधून ओढा. सांध्यावर टेप घट्ट आणि निमुळती, नाहीतर बेंडमध्ये अडकते. न्यूट्रल मात्र त्याच सर्किटचा. शेजारच्या सर्किटचा उसना घेतला तर आपली एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) पाडूनही तो न्यूट्रल शेजारच्या लोडमुळे जिवंत राहतो.

चोपडा सुपरवायझर: दोघंही न्यूट्रलवर भांडताय, अर्थिंग कुणी मोजलंय? आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, माती अर्थिंगचा पाइप सोडते. जानेवारीतलं रीडिंग मेमध्ये कामाचं नाही. अर्थिंगचा रोध १० ओहम धरा आणि फेज बॉडीला लागला: २३० भागिले १०, म्हणजे २३ ॲम्पिअर. सॉकेटची १६ ची एमसीबी त्यावर कित्येक मिनिटं पडत नाही, तोवर बॉडी जिवंत.

धुळे ठेकेदार: अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरा, पाणी घाला, प्रश्न मिटतो.

चोपडा सुपरवायझर: मिटत नाही! मीठ पावसात वाहून जातं आणि जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातं. पाइप किमान अडीच मीटर खोल हवा, वर फनेल, उन्हाळ्यात नियमित पाणी. कॉलनीत बोअरच्या केसिंगला अर्थिंग म्हणणाऱ्यांची मला चीड येते. आणि तरीही शेवटी माणूस वाचवते आरसीसीबी. अर्थ शंभर ओहम असला तरी २३० व्होल्टला २.३ ॲम्पिअर वाहतो, ३० मिलीॲम्पिअरची लगेच पडते.

अमळनेर: मूळ प्रश्नावर या. न्यूट्रल न लागणारं मॉड्यूल का नाही सुचवत?

भुसावळ वायरमन: ते स्वतःचा करंट दिव्यातूनच ओढतं. पाच वॉटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो. सोबत येणारा बायपास कपॅसिटर दिव्याच्या दोन टोकांवर लावावा लागतो, बोर्डात नाही.

धुळे ठेकेदार: ठीक, हिरवी वायर नको, मान्य. आरसीसीबीचं गणित बरोबर आहे. पण पाइपात सिमेंटच शिरलं असेल तर तुमची ओढाओढ चालत नाही, हेही मान्य करा.

भुसावळ वायरमन: तसं असेल तर मॉड्यूल बोर्डात नाही, वर रोझपाशी बसवा. बोर्डात फेज आणि हाफ कनेक्टरने जोडा, वर कायम फेज मिळतो, न्यूट्रल तिथे आहेच. भिंतीवर बॅटरीचा वायरलेस स्विच चिकटवा. फॉल्स सीलिंग असेल तर जॉइंट झाकणाच्या बॉक्समध्येच.