कानबाईआधी कोणती लेन्स घेऊ?

ग्रुप: आपला गोतावळा

धाकटी, जळगाव: नाना, मामा, दादा, श्रावणात आपल्याकडे कानबाई देवी बसते, त्याआधी एक विचारायचं होतं. पप्पांनी कॅननचा आर५० कॅमेरा घेऊन दिला, सोबत १८-४५ ची लेन्स आली. आता अजून एकच लेन्स मिळेल, त्यापुढचं दिवाळीनंतर बघू म्हणताहेत. कोणती घेऊ?

मामा, भुसावळ: ५५-२१० घे. आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर पक्षी उतरतात. १८-४५ मध्ये नुसते ठिपके दिसतील.

धुळ्याचा दादा: मामा, हतनूरला २१० पण कमीच पडेल, बदकं काठाजवळ कुठे येतात? आणि वर्षातून किती वेळा जाणार ती? मी तर ५० एफ/१.८ म्हणेन. १६० ग्रॅमची आहे, तुझ्या कॅमेऱ्याला थेट बसणाऱ्या आरएफ लेन्समधल्या स्वस्तांपैकी एक.

आत्या, अमळनेर: माय वं, कानबाईले मन्हा फोटो काढजो. मागच्या साली बठ्ठा फोटो काळा उनात.

धाकटी, जळगाव: आत्या, त्याच्यासाठीच तर विचारतेय! काल देवघरात समईच्या उजेडात काढून पाहिले. समई स्पष्ट आली, पण आजीचे हात पुसट.

नाना, चोपडा: बेटा, हात का पुसट आले ते आधी बघ. तुझ्या १८-४५ मध्ये स्टॅबिलायझर आहे. तो तुझ्या हाताची थरथर सांभाळतो, म्हणून जागची न हलणारी समई स्पष्ट आली. आजीचे हात हलत होते, तिथे स्टॅबिलायझरचं काही चालत नाही. शटर झटकन उघडून मिटायला हवं आणि त्याला उजेड लागतो. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. ४५ वर तुझी लेन्स एफ/६.३ पर्यंतच उघडते, ५० वाली १.८ पर्यंत. ६.३ ला १.८ ने भाग आणि वर्ग कर, सव्वाबारा येतात. म्हणजे बारापट उजेड आत. जिथे तुझं शटर १/१० सेकंदावर अडकतं, तिथे १/१२५ मिळेल. पीठ मळणारे हात त्यात सापडतात.
मी पहिल्यांदा लांब झूमच घेतली होती. घरातल्या हळदीला अंधार पडल्यावर आबांचा एकही फोटो धड आला नाही, आणि पुढच्या वर्षी आबा गेले. ते मला अजून लागतं, म्हणून एवढं लिहितोय.

मामा, भुसावळ: पटलं नाना. पण घरातल्या घरात ५० फार जवळची नाही होणार?

नाना, चोपडा: होते ना. आर५० चा सेन्सर लहान, १.६ ने गुणायचं, म्हणजे ५० ची ८० झाली. आपलं देवघर दहा बाय दहा. भिंतीला पाठ टेकवून तीन मीटरवरून काढलं तर आडवी १.३ मीटर जागा मावते. चौरंग आणि शेजारी बसलेली एक बाई, बस. २८ मध्ये २.४ मीटर मावते. २८ ची एफ/२.८ वाली लेन्स मिळते, पण ती ५० च्या निम्म्याहून कमी उजेड घेते.
पैसे घालायच्या आधी एक कर. एक संध्याकाळ झूम २८ च्या आसपास ठेव, दुसऱ्या दिवशी ४५ वर. मध्ये हलवायची नाही. फोटो अंधुक आले तर येऊ दे, चौकटीत काय येतं तेवढं बघ.

धाकटी, जळगाव: आजपासूनच करते.

(शनिवार)

धाकटी, जळगाव: नाना, केलं. २८ वर अख्खं घर येतं, भिंतीवरचे देव, दाराचं तोरण, सगळं. ४५ वर सारखं मागे सरावं लागलं. पण आवडलेले २३ फोटो वेगळे काढले तर १७ निघाले ४५ वरचे. सगळे हात नाहीतर चेहरे. आजीचेच जास्त.

धुळ्याचा दादा: मग ५० च.

नाना, चोपडा: हो, पण लगेच घेऊ नको. माझ्या जुन्या डीएसएलआरची ईएफ ५० एफ/१.८ पडून आहे. आर५० ला थेट बसणार नाही, मधे अडॅप्टर लागतो. दादा, तुझ्याकडे आहे ना?

धुळ्याचा दादा: आहे. उद्या अमळनेरला येतोय, आत्याकडे ठेवतो.

नाना, चोपडा: मीही लेन्स तिथेच पोचवतो. कानबाईपर्यंत तीच वापर. आणि बेटा, लेन्स बदलताना कॅमेरा बंद कर, तोंड खाली धर. यात आरसा नसतो, लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. आपल्याकडच्या वाऱ्यात धूळ किती असते बघतेस ना. शेतात तर बदलूच नको.

धाकटी, जळगाव: हो नाना. आजी विचारतेय, कानबाईच्या सोमवारी विसर्जनाला पण हीच लावायची का?

नाना, चोपडा: नको. तेव्हा दिवस असतो, गर्दीत मागे सरायला जागा मिळत नाही. तुझी १८-४५ लाव. आणि आजीला सांग, कानबाईच्या रविवारी रात्री मी समई तिच्या डाव्या हाताला ठेवणार आहे.