‘शीघ्र हस्तक्षेप’: शब्द बदलावा का?

मूळ प्रश्न (मालवण तालुका)

विशेष शिक्षिका म्हणून लहान मुलांबरोबर काम करताना ‘शीघ्र हस्तक्षेप’ (इंग्रजीत ‘अर्ली इंटरव्हेन्शन’, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांना लहान वयातच मदत सुरू करणे) हा शब्दप्रयोग मला रोज लिहावा लागतो. गेल्या महिन्यात अंगणवाडीत आलेल्या तपासणी पथकाने तीन वर्षांच्या एका मुलाच्या चिठ्ठीवर ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे’ असा शेरा मारला. हा मुलगा अजून बोलत नाही आणि हाक मारली तरी वळून पाहत नाही. आई जायला तयार होती. आजींनी मात्र चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारले, “आमच्या घरात हस्तक्षेप कित्याक?” मला पटकन उत्तर सुचले नाही. या शब्दाला नेमका पर्याय कोणी सुचवू शकेल का?

उत्तर (रत्नागिरी)

आजींचे मराठी चोख आहे. ‘क्षेप’ हा शब्द ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे किंवा टाकणे, या धातूपासून आला असून आक्षेप आणि प्रक्षेपण हे त्याचेच भाऊबंद आहेत. मराठीत ‘हस्तक्षेप’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात, बहुधा न बोलावता, हात घालणे. मूळ ‘इंटरव्हेन्शन’ या इंग्रजी संज्ञेचा लॅटिन अर्थही ‘मध्ये येणे’ असाच आहे. परंतु वैद्यकात तिला ठरवून केलेल्या उपाययोजनेचा अर्थ चिकटला, आणि आपण संज्ञेचे भाषांतर केले तरी तो अर्थ मराठीत रुजला नाही.

माझी खरी तक्रार ‘शीघ्र’बद्दल आहे. शीघ्रकवी, शीघ्रकोपी या शब्दांत तो वेग दाखवतो, येथे मात्र वय अभिप्रेत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; त्यांतील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा केंद्राकडे पाठवण्यामागे मेंदूची घडण वेगाने चालू असतानाच काम सुरू व्हावे, हा हेतू असतो. ते काम मात्र महिनोन्‌महिने चालते. ‘शीघ्र’ वाचून पालक झटपट गुणाची आशा धरतात. त्यापेक्षा ‘वेळीच’ म्हणावे, आणि हस्तक्षेपाऐवजी ‘हातभार’.

उत्तर (दापोली)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून सराव करून घेते. ‘वेळीच’ मला मान्य आहे, ‘हातभार’ अर्धाच पटतो. मुलाला चमच्याने मऊ भात खायला शिकवताना आधी आपला पंजा त्याच्या मुठीवर ठेवून घास तोंडापर्यंत न्यावा लागतो. काही दिवसांनी आपण फक्त मनगट धरतो, मग कोपराला नुसता आधार देतो आणि शेवटी हात काढून घेतो. यातला अवघड भाग हात काढून घेण्याचा असतो. (आयांना तो सर्वांत जड जातो, भात सांडलेला त्यांना बघवत नाही.) ‘संसाराला हातभार’ म्हणताना असा पायरीपायरीने काढून घ्यायचा हात डोळ्यांसमोर येत नाही. ‘उपचार’ म्हटले तर मूल आजारी ठरते. मी पालकांशी बोलताना साधे ‘शिकवणे’ म्हणते, आणि त्यावर आजवर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

मूळ प्रश्नकर्ती (मालवण तालुका)

दोघांचेही आभार. केंद्राचे अधिकृत नाव बदलणे आपल्या हाती नसल्यामुळे चिठ्ठीवर ते तसेच ठेवून, त्याखाली ‘बोलायला व खेळायला वेळीच शिकवण्यासाठी’ अशी ओळ मी पेनाने लिहू लागले आहे. आजींनी ती दोनदा वाचून घेतली आणि येत्या सोमवारी त्या स्वतः नातवाबरोबर जाणार आहेत.

‘विकासातील विलंब’ हा शब्दही तपासायला हवा, असे मला वाटते. रेल्वे स्थानकावरची घोषणा ऐकून ऐकून, जे विलंबाने येते ते कधीतरी येतेच, अशी आपली समजूत झालेली असते. चिठ्ठीतला तो शब्द ऐकल्यावर आजी निर्धास्त होऊन म्हणाल्या होत्या, “ह्येचो बापूस पण उशिराच बोलूक लागलो.”