‘द सिम्स’ : प्रश्न केवळ आठवणींच्या प्रेमाचा नाही

‘द सिम्स’ या घर बांधून कुटुंब चालवण्याच्या संगणकीय खेळांच्या मालिकेतला चौथा भाग, ‘द सिम्स ४’, म्हणजे मालिकेचा ऱ्हास, असे एक मत मांडले जाते आणि जुने खेळाडू केवळ आठवणींत रमतात, असे त्याला उत्तर मिळते. हे उत्तर मला पटत नाही. २०१४ साली चौथा भाग आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि दुडदुडणारी मुलेही नव्हती. तलाव त्याच वर्षअखेरीस आले, मुलांसाठी मात्र जानेवारी २०१७ उजाडावा लागला. पाळण्यातले बाळ एकदम शाळकरी होणे ही कुटुंबावर उभ्या असलेल्या खेळातली मोठीच उणीव होती.

माझा मुख्य आक्षेप रंगांबद्दल आहे. आपल्या लातूर-नांदेडकडे असतो तसा, ढेलज (प्रवेशदाराजवळची देवडी), चौक आणि पांढऱ्या मातीचे माळवद (सपाट छत) असलेला वाडा मी तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही भागांत बांधून पाहिला. २००९ च्या तिसऱ्या भागात जवळपास कोणत्याही वस्तूवर हवा तो पोत आणि नेमकी छटा चढवता येत असल्यामुळे ढेलजेचे खांब, तुळया आणि दरवाजा एकाच जुन्या सागवानाचे वाटत. चौथ्यात ठरवून दिलेल्या मोजक्या रंगांतूनच निवड करायची असल्याने खांबाचा तपकिरी दरवाजाशी जुळत नाही. तिसरा भाग अडखळत चाले, कारण अख्खे गाव एकाच वेळी चालू ठेवण्याचा भार साध्या संगणकाला पेलत नसे, हे मान्य. चौथ्यात पूर्ण खोली उचलून हलवता येते, ही सोयही खरोखर उत्तम आहे. तरीही रंगांची ती मोकळीक परत मिळावी, असे मला मनापासून वाटते.