नवी मुंबईतली गावं: आराखडा चुकला की लोक?

कोरा_नकाशा: नगररचना म्हटलं की आपण रस्ते, सेक्टर, मैदानं बघतो, तिथे आधी कोण राहत होतं हे नंतर आठवतं. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली 95 गावं संपादनात आली. भातशेती गेली, मिठागरं गेली. गावठाणं जागेवर राहिली, त्यांच्याभोवती सेक्टर आखले. पण गावातली घरं वाढणार, पोरांच्या चुली वेगळ्या होणार, याचा हिशोब आराखड्यात कुठे होता? आता त्याच घरांना अनधिकृत म्हणायचं!

सेक्टरवासी: गरजेपोटी मजला चढवला, मान्य. सहा मजले उठवून खोल्या भाड्याने देणं ही कुठली गरज? आमच्या शेजारच्या गावात अग्निशमनची गाडी वळत नाही. शिवाय गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळालेच की.

खाडीकाठचा: दादा, त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांच्या नावाने कापतात, हातात पावणेनऊ. तेही कुणी आपणहून दिले नाहीत. जानेवारी 1984 मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. शेती गेल्यावर आगरी-कोळ्यांनी करायचं काय? आणि तुमच्याकडे येणाऱ्या मावशी, गेटवरचा वॉचमन राहतात कुठे? याच खोल्यांत. सेक्टरातलं भाडं त्यांना झेपतं का?

सेक्टरवासी: म्हणजे स्वस्त खोली पाहिजे तर उजेड-वारा सोडा? दोन भिंतींमध्ये हात जात नाही तिथे.

कोरा_नकाशा: हा मुद्दा बरोबर. पण स्वस्त भाड्याची घरं आराखड्यातच पुरेशी नव्हती, ती उणीव गावांनी भरून काढली, वेडीवाकडी का होईना. 1966 च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचनांची सोय आहे म्हणतात. तो रंगीत नकाशा गावात किती जणांना वाचता येतो?

सेक्टरवासी: मग क्लस्टर करा, म्हणजे घरांचे गट करून सगळंच नव्याने बांधा.

खाडीकाठचा: आणि होळीची जागा, देवळापुढचं अंगण कुणाच्या पार्किंगात घालणार? आधी गावठाणाची हद्द मोजा, घराचं मालमत्तापत्रक हातात द्या. रस्त्यासाठी भिंत मागे घ्यायला आम्हीच तयार होऊ.

सेक्टरवासी: घ्या मागे. पण भिंतीआडचा भाडेकरू? त्याचं नाव ना तुमच्या पत्रकावर, ना सिडकोच्या यादीत.