विषय: नव्या बॅटऱ्या, तरी दुसऱ्या रात्री अंधार

प्रेषक: बंटी (मिशिगन, मूळ चोपडा)

मंडळी, नमस्कार.

ऑक्टोबरच्या कॅम्पिंगला जे आले होते त्यांनी आमची फजिती पाहिलीच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात. ट्रेलरच्या जुन्या बॅटऱ्या गेल्या म्हणून महिन्यापूर्वी नव्या आणल्या. गोल्फ कार्टला असतात तसल्या, सहा-सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, म्हणजे मिळून बारा. २२५ अँपिअर-अवर. बसवल्या, दिवे लागले, म्हटलं झालं काम. वर तीन तास गाडीमागे ओढत नेल्या, म्हणजे रस्त्यात चार्ज झाल्याच असतील.

पहिली रात्र निघाली. दुसऱ्या रात्री तीनला हीटरचा पंखा घुर्र करून बसला. बाहेर दोन डिग्री. आई चोपड्याहून आलेली, तिचं पहिलंच कॅम्पिंग. म्हणाली, "आपल्याकडचं लोडशेडिंग बरं रे बाबा, लाइट गेली तरी कुडकुडायला तरी होत नाही."

सकाळी मीटर लावला तर ११.८ व्होल्ट. दुकानदार म्हणतो बॅटरीत दोष नाही. मग दोष कशात आहे?

प्रेषक: ताई (ओंटॅरिओ, मूळ अमळनेर)

बंटी, लिथियम घे आणि मोकळा हो. आम्ही घेतली. पाणी नाही, वास नाही, वजन निम्म्याहून कमी. बापूंना मात्र हे पटणार नाही, आता त्यांची लांबलचक मेल येईल बघ.

प्रेषक: बापू (सावदा, ता. रावेर)

ताईंनी भाकीत केलंच आहे तर लिहितोच.

मी आता वर्षातले आठ महिने सावद्यालाच असतो, पण आपल्या या मेलच्या यादीतून नाव काढलेलं नाही, कारण इथं बसून तुमच्या भानगडी वाचायला मजा येते. दोन वर्षांपूर्वी मीही एक फिरतं घर करून घेतलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून सांगाडा, वर पत्र्याची खोली, आत दोन बाज, ओटा आणि पंखा. गावात त्याला ट्रेलर कुणी म्हणत नाही. "बापूची ट्रॉली" म्हणतात, आणि एकाने तर केळीच्या हंगामात भाड्याने देता का म्हणून विचारलं.

आतल्या बॅटऱ्या १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असतात तसल्या, दोन, पॅरलल. एकेक उचलायला दोन माणसं लागतात. त्या बसवायला मी भुसावळहून आप्पांना आणलं. आप्पा रेल्वेत ट्रेन लायटिंगला होते. डब्यांखाली ११० व्होल्टची बॅटरी असते, तिचे सेल एकेक करून तपासण्यात त्यांची नोकरी गेली. मी हौसेनं डिजिटल मीटर काढून दाखवला, "१२.६ आहे, फुल आहे." आप्पा म्हणाले, "मीटर ठेव बाजूले. बुचं खोल."

मग त्यांनी पिशवीतून हायड्रोमीटर काढला, सेलमधल्या अॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, मोजायची नळी. पाणी १००० धरायचं, बॅटरी जितकी भरलेली तितका आकडा वर. सोबत एक पाना, त्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळलेली. कारण विचारलं तर डाव्या हाताचं बोट दाखवलं. लोखंडी पाना एका टोकाला प्लसवर, दुसऱ्या टोकाला बॉडीला टेकला होता आणि मध्ये अंगठी आली होती. अंगठीचा वळ अजून आहे. तेव्हापासून कामाला बसताना अंगठी, घड्याळ, कडं खिशात. काढताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी.

बारा सेल मोजले. कुठे १२१०, कुठे १२१५. आमच्याकडच्या ट्यूब्युलरची पूर्ण भरलेली ग्रॅव्हिटी १२४०च्या आसपास असते. उष्ण हवेसाठी अॅसिड जरा पातळच ठेवतात. तुझ्या तिकडच्या बॅटरीची भरल्यावर १२७५च्या जवळ यायला हवी, म्हणून आकडे माझ्याशी ताडून बघू नकोस, बॅटरीवर छापलंय त्याच्याशी ताड. मुद्दा असा की नवी बॅटरी भरलेली नसते. कारखान्यातून निघून गोदाम, दुकान करत तुझ्या घरी येईपर्यंत ती बसल्या बसल्या दर महिन्याला थोडी थोडी उतरत असते. शिवाय डीप-सायकल, म्हणजे खोलवर उतरवून परत भरायच्या बॅटरीची पूर्ण ताकद पहिल्याच दिवशी मिळत नाही, काही डझन वेळा भरून-उतरून झाल्यावर येते. म्हणजे तू दुकानातून पाऊण पोटाची बॅटरी आणलीस आणि तशीच जंगलात नेलीस.

आता तुझे तीन तास. गाडीच्या अल्टरनेटरवर, इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावर, १४.१ व्होल्ट असतील, खरं. पण तिथून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत वायर किती लांब आणि किती बारीक? माझ्या बोलेरोत आधी २.५ स्क्वेअर एमएमची होती. बॉनेटपासून ट्रॉलीच्या बॅटरीपर्यंत आठ मीटर, परतीचे आठ, एकूण सोळा. तांब्याच्या या वायरचा रोध मीटरला साधारण ७.४ मिलीओहम. दहा अँपिअर जायला लागले की वाटेतच १.२ व्होल्ट गळतात, आणि १४.१चे बॅटरीशी १२.९ उरतात. १२.९वर अर्धी भरलेली बॅटरी काय खाणार? करंट पाच-सहावर येतो. तीन तासांत पंधरा-अठरा अँपिअर-अवर. तुझा हीटरचा पंखा तेवढं एका रात्रीच्या पूर्वार्धात संपवतो. मी शेवटी जाड वायर टाकली आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. तो आत कमी व्होल्टेज आलं तरी बाहेर बॅटरीला हवं तेवढं देतो.

तरी माझी शंका वेगळीच आहे. ट्रेलर घरी उभा असताना प्लगवर असतो ना? मग तिथंच भरायला हव्या होत्या. तुझ्या ट्रेलरमध्ये एक कन्व्हर्टर असेल, घरच्या करंटचा बारा व्होल्ट करणारा. बरेच जुने कन्व्हर्टर १३.६ला चिकटून बसतात. १३.६ हे भरलेल्या बॅटरीला सांभाळायचं व्होल्टेज. भरायला फ्लडेड, म्हणजे पाणी घालायच्या, डीप-सायकलला १४.४ ते १४.८ लागतं, आणि तेही शेवटचा पाचवा हिस्सा भरेपर्यंत काही तास टिकवावं लागतं. तो हिस्साच सगळ्यात रेंगाळतो.

आणि हे १४.४ सुद्धा पंचवीस डिग्रीचं आहे. हे मला मे महिन्यानं शिकवलं. पहिल्या उन्हाळ्यात ट्रॉली मळ्यात निंबाखाली उभी होती, कूलर रात्रभर चालायचा, दिवसभर चार्जिंग. बाहेर ४५, बॅटरीच्या पेटीत हात घालवत नव्हता. दर पंधरा दिवसांनी पाणी खाली. मी म्हटलं बॅटरीच खराब निघाली. आप्पांनी चार्जर बघितला, १४.४. दर डिग्रीमागे बारा व्होल्टच्या बॅटरीला साधारण २४ मिलीव्होल्ट कमी करायचे असतात. वीस डिग्री जास्त म्हणजे जवळपास अर्धा व्होल्ट. १३.९ ठेवलं, तेव्हापासून पाणी दीड महिन्याने घालतो. हाच हिशोब तुझ्याकडे उलटा. शून्य डिग्रीला १४.४चे १५ होतात. म्हणजे एकच चार्जर सावद्यात बॅटरी उकळतो आणि मिशिगनमध्ये उपाशी ठेवतो, आणि दोन्हीकडे शिव्या बॅटरीला. चार्जरला तापमानाची प्रोब असेल तर ती बॅटरीच्या अंगाला चिकटव, ट्रेलरच्या भिंतीला नको.

पाण्याची एक गोष्ट सांगतो, घरात हसू होतं तिचं. पुतण्याने उत्साहात चार्जिंगच्या आधीच सगळे सेल गळ्यापर्यंत भरले. चार्ज होताना पाणी फुगतं, बुडबुडे येतात. अॅसिड बुचांतून वर आलं, पेटीत सांडलं. त्याने पुसलं, पँटीला हात पुसले, काही झालं नाही. दोन दिवसांनी धुणं झालं तर पँट चाळणी. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच आधी घाल, बाकीचं पूर्ण चार्ज झाल्यावर. डिस्टिल्ड वॉटरच, आमच्या बोअरचं तर चुकूनही नाही, बादलीवरसुद्धा पांढरा थर बसतो. सांडलं तर खायच्या सोड्याचं पाणी टाक. आणि पेटीला हवा जायला वाट ठेव, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. आप्पा बिडी ओढायला मळ्याच्या बांधापर्यंत जातात, ते उगाच नाही.

तर काम सांगतो. ट्रेलर प्लगला लाव, सगळे दिवे बंद कर, बॅटरीच्या टर्मिनलवर दर दोन तासांनी व्होल्टेज लिही. दुसऱ्या दिवशी सहा सेलची ग्रॅव्हिटी. मग बोलू.

प्रेषक: बंटी

बापू, तुमची शंका खरी निघाली. सकाळी १३.६, दुपारी १३.६, रात्री १३.६. सहा सेल चोवीस तासांनंतर: १२२५, १२३०, १२२०, ११८५, १२२५, १२३०.

अजून एक सापडलं. ट्रेलर बंद असतानाही गॅसचा वास ओळखणारं यंत्र चालूच असतं. मीटरवर ०.१ अँपिअर. तिसेक दिवस कन्व्हर्टरच्या प्लगशिवाय उभा होता, म्हणजे सत्तर अँपिअर-अवर त्यानेच खाल्ले.

ताईंची लिथियम घेऊ का?

प्रेषक: बापू

लिथियमला माझा विरोध नाही, ताईंनी उगाच नाव काढलंय. शेजारच्या मळ्यात रानडुकरांसाठी झटका मशीन आहे, त्याने तिथं लिथियमच लावलीय, उत्तम चालते. पण तुझ्या गावात एक अडचण: लिथियम आयर्न फॉस्फेट शून्याच्या खाली चार्ज करायची नसते. चांगल्या बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट, स्वतःच चार्जिंग तोडतं. जानेवारीत ट्रेलर अंगणात असेल तर ती गरम ठेवायची सोय हवी. शिवाय तिलाही चार्जिंग १४.२ ते १४.६चं, म्हणजे हा कन्व्हर्टर बदलायचाच आहे. आधी तो बदल. ज्या बॅटऱ्या आणल्यात त्या आधी नीट भरून बघ, मेलेल्या नाहीत त्या.

चौथ्या सेलवर लक्ष ठेव. बाकीच्यांपेक्षा चाळीसनं मागे आहे. आप्पांना फोनवर आकडे वाचून दाखवले, तीस पॉइंटच्या वर फरक म्हणजे ते सावध होतात. आधी पूर्ण चार्ज. तरी मागे राहिला तर इक्वलायझिंग, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणायला मुद्दाम जास्तीचं चार्जिंग: साडेपंधराच्या वर व्होल्टेज, दर तासाला ग्रॅव्हिटी. तीन वेळा आकडा तोच आला की थांब. त्या वेळी ट्रेलरची वायर बॅटरीवरून काढून ठेव, नाहीतर दिवे आणि हीटरचा बोर्ड जळेल. चार्जर बॅटरीला थेट.

आणि गॅसच्या यंत्रासकट सगळं तोडणारा एक स्विच मायनसवर बसव. हिवाळ्यात भरलेली बॅटरी उणे पन्नासातही गोठत नाही, रिकामी झालेली मात्र उणे दहाच्या आसपासच फुटते.

प्रेषक: ताई

मी फक्त "मोकळा हो" एवढंच म्हटलं होतं. तरी, बापू, आमच्याकडे बॅटरी ट्रेलरच्या आत आहे, बाजेखाली. त्यामुळे गरम राहते. हे आधी सांगायला हवं होतं.

डिसेंबरमध्ये सारंगखेड्याच्या यात्रेला ट्रॉली नेणार का? आम्ही तेव्हा अमळनेरला असू. घोडे बघायचेत मुलांना.

प्रेषक: बापू

नेणार. चोपडा-शिरपूर-शहादा रस्त्याचे खड्डे झेपले तर. मागच्या वेळी वायरच्या टोकाचा एक लग ढिला होऊन टर्मिनल काळं पडलं होतं, आता सगळ्या बोल्टांना स्प्रिंग वॉशर टाकलेत. या मुक्कामाला. भरीत-भाकरी चुलीवर, दिवे बॅटरीवर.

प्रेषक: बंटी

नवा चार्जर बसला. बॅटरीजवळ दहा डिग्री होती, प्रोबने आपोआप पंधराच्या जवळ नेलं. आठ तास त्याच व्होल्टेजवर ठेवलं. बुडबुड्यांचा आवाज आई ऐकत बसली होती, म्हणते वरण उकळतंय असं वाटतं.

सेल: १२७५, १२७५, १२७०, १२४०, १२७५, १२७५. मग ट्रेलरची वायर काढून इक्वलायझिंग केलं. पाच तास. चौथा १२५५ला आलाय आणि तिथं शेवटचे तीन तास थांबला, म्हणून मीही थांबलो.

या शनिवारी अंगणातच झोपलो, प्लग काढून. हीटर रात्रभर. सकाळी सातला १२.४.

प्रेषक: बापू

चांगलं आहे. दहा वेळा वापरून-भरून झालं की चौथा परत मोज. आप्पा रोज संध्याकाळी फोन करतात. माझी तब्येत विचारत नाहीत, म्हणतात, "तो मिशिगनचा चौथा काय म्हणून राह्यला?"