मदत हवी आहे: द्रवाचा दाब मुलांना पटवायचा कसा?
नमस्कार मंडळी, नाशिकरोडला नववीचा क्लास घेते. वीट आडवी ठेवली की दाब कमी, उभी केली की जास्त, वजन तेच पण टेकलेलं क्षेत्रफळ बदललं, हे पोरांना लगेच पटतं. गाडी अडते ती द्रवापाशी. बारीक नळी असो की पिंप, पाण्याची उंची सारखी तर तळाशी दाबही सारखाच, हे कोणी मानायलाच तयार नाही, एक मुलगी म्हणाली मॅडम गंगापूर धरणात एवढं पाणी, तरी दाब फक्त खोलीवर? दर 10 मीटरला साधारण 1 लाख पास्कल वाढतात हे सांगून झालं, सूत्रही पाठ आहे, पण आतून कळत नाहीये. भोकं पाडलेल्या बाटलीपेक्षा वेगळा, वर्गात जमेल असा प्रयोग सुचवा ना प्लीज. आणि वायूचे रेणू भिंतीवर आदळतात म्हणून दाब येतो, हे कशाने दाखवू?