बेरीज म्हणजे आराखडा नव्हे
ग्रामपंचायतींचे आराखडे एकत्र केले की तालुक्याचा आराखडा झालाच, असं म्हटलं जातं. रस्ते, अंगणवाड्या, शाळाखोल्यांपुरतं ते मान्य. पाण्याला ते लागू होत नाही. नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे एकाच नाल्यावर वरचं गाव बंधारा मांडतं आणि खालचं गाव तोच अपधाव, म्हणजे वाहून येणारं पावसाचं पाणी, स्वतःच्या पाण्याच्या ताळेबंदात जमा धरतं. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, बेरीज मात्र खोटी.

1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. 1000 हेक्टर शिवारात 800 मिमी पडला तर 80 लाख घनमीटर. हाच आकडा सरळ ‘उपलब्ध’ रकान्यात जातो, तिथंच गोची होते. आधी बाष्पीभवन आणि पिकांनी शोषलेलं पाणी वजा करा, मग वरच्या गावानं अडवलेलं. म्हणून हिशेब पाणलोटाचा, म्हणजे एका नाल्याला पाणी देणाऱ्या सगळ्या क्षेत्राचा, माथ्यापासून पायथ्याकडे. गावनिहाय वाटणी त्यानंतर, संयुक्त ग्रामसभेत. संत्रा बागांचा उपसा सातबाऱ्यावरच्या विहिरींवरून काढू नका, कित्येक बोअर तिथं चढलेलेच नसतात. कृषिपंपांच्या वीजजोडण्या आणि सोलर पंप मोजा. नाला खोलीकरणात मुरमाचा थर तळापर्यंत कापला, की लगतच्या विहिरींचं पाणी पाऊस सरल्यावर नाल्यात पाझरून निघून जातं. फोटो छान येतात, जानेवारीत विहिरी आटतात. आणि हा साचा रामटेक-मौद्याकडे तसाच नेऊ नका. तिथं मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ, सांडवा आणि पाटाची दुरुस्ती आधी.